मावशी, जरा समजवा यांना!

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाला जोडलेल्या मेडिकल कॉलेजसाठी देणगी देताना सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी अट घातली होती: शिकवणारे भारतीयच हवेत. कॉलेज १९२६ साली सुरू झालं; गोऱ्या साहेबाच्या राज्यात अशा अटीला छाती लागते. अट पाळली गेली, डॉक्टर आपले झाले. त्यांना आपलं बोलणं कळावं, ही अट तेवढी राहून गेली.

आज सरकारी कॉलेजांतल्या एमडी-एमएसच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यात गैर काही नाही. फक्त लालबागच्या आजी 'छातीत धस्स होतं, मग कसंनुसं वाटतं' म्हणाल्या, की परप्रांतातून आलेला तरुण डॉक्टर मुकाट ईसीजी काढतो. ईसीजीला भाषा लागत नाही. यावर उपाय म्हणून २०१९ पासून एमबीबीएसच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषा आली. झकास! म्हणजे कोइमतूरला एमबीबीएस केलेला डॉक्टर तमिळचे धडे गिरवून परळला येणार.

मग वॉर्डात हाक जाते, "मावशी, जरा समजवा यांना!" मावशी हातातलं बेडपॅन खाली ठेवतात आणि निकाल लावतात. "काय नाय हो, छोटं ऑपरेशन हाय. इथं अंगठा करा." आजी मान हलवतात. त्या 'छोट्या'त गर्भाशयसुद्धा बसतं. तपासणीपुरती संमती घेऊन गर्भाशय काढल्याच्या प्रकरणात २००८ सालीच सुप्रीम कोर्टाने बजावलंय, की पुरेशी माहिती देऊन घेतली तीच खरी संमती. मावशींपर्यंत तो निकाल कुणी पोचवला नसावा. चूक त्यांची नाही. झाडूपोछाच्या पगारात दुभाष्याचं काम त्या फुकट करतात.

इथे आपला मराठी बाणा उसळेल. जरा थांबा. तिथेच शेजारी टाटा कॅन्सर रुग्णालयात बिहार-बंगालची बाई केमोचे कागद घेऊन उभी असते. तिच्यापुढे आपण आपली बंबैया हिंदी फेकतो आणि तिने मान हलवली की कळलं असं धरून चालतो. मान तर आजींनीही हलवली होती.

केईएम चालवणाऱ्या पालिकेने दुभाष्यांची पदं काढावीत. तोवर मावशींना रीतसर शिकवून वर भत्ता द्यावा. आणि वाचकहो, कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढंच म्हणा: "मला काय कळलं ते सांगतो, चुकलं तर सुधारा." त्यांना घाई असली तरी म्हणा. शरीर तुमचं आहे.