मेंदूला घातलेली टोपी

भेंडवळच्या घटमांडणीवर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा राग दरवर्षी ठरलेला. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावाच्या शेतात घट मांडायचा, भोवती धान्य, पानाचा विडा, पापड, करंजी. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे किती हलले, विडा जागेवर आहे का, हे पाहून पाऊस, पीक आणि दिल्लीची गादी यांचं भाकीत सांगायचं. याला शास्त्रीय आधार नाही, हे टीकाकारांचं म्हणणं बरोबरच. आमच्या मते घटाचं चुकलं एकच : त्याला वायर नाही. वायर असती तर त्याच भाकितावर जन्मठेप झाली असती.

पटत नसेल तर पुण्याला चला. जून २००८ मध्ये विषप्रयोगाच्या एका खटल्यात तिथल्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला जन्मठेप दिली. इतर पुरावेही होते, पण निकालपत्रात मानाचं पान मिळालं ते 'बिऑस' या मेंदूचाचणीला. ती काढली निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ चंपाडी रामन मुकुंदन यांनी. आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवायची आणि टेप लावायची. टेपवर वाक्यं, तीही प्रथमपुरुषी : 'मी विष विकत घेतलं.' आरोपीने गप्प बसायचं. संगणक मेंदूच्या लहरी पाहून सांगणार, की ही गोष्ट त्याने नुसती ऐकलेली नाही, प्रत्यक्ष भोगलेली आहे.

हे ऐकून टपरीवरचे एक काका म्हणाले, "म्हंजे लिहिलं पोलिसानं, वाचलं टेपनं, अन् सही केली डोस्क्यानं!"

एवढी सोय इंग्रजांनाही सुचली नव्हती. त्यांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात लिहून ठेवलं, की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालणार नाही. पोलीस इंग्रजांचेच, त्यामुळे ते त्यांना चांगले ओळखत. पुढे राज्यघटनेच्या कलम २० (३) ने सांगितलं, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. तेव्हापासून आरोपीचं मौन ही तपासातली मोठी अडचण होती. टोपीने ती सोडवली : मौनालाच साक्षीला उभं केलं. कोठडीत दिवसरात्र तीच कहाणी ऐकलेल्या मेंदूत ती कहाणी घुमणार नाही तर काय घुमणार, हा प्रश्न मात्र टेपवर नव्हता.

गंमत म्हणजे निमहान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००८ मध्ये कळवलं, की अशा मेंदूचाचण्या पुरावा म्हणून वापरण्याइतक्या शास्त्रीय नाहीत. पुण्याच्या प्रकरणात पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित केली. मग ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला : नार्को, पॉलिग्राफ, मेंदूचाचणी, काहीही सक्तीने करायचं नाही. बोटाचे ठसे घेणं वेगळं. ते चालतं हे १९६१ मध्येच ठरलं होतं. ठसा बोटावर असतो, मनातलं मात्र ज्याचं त्याने सांगायचं असतं. तरीही जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात तोच धडा सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा गिरवून घ्यावा लागला.

एक वाट मात्र उघडी आहे : संमती. आरोपीने स्वखुशीने व अक्कलहुशारीने, वकिलाच्या सल्ल्याने, दंडाधिकाऱ्यासमोर होकार दिला तर चाचणी करता येते. अहवाल पुरावा ठरत नाही, पण त्यातून पुढे जे सापडेल ते ठरू शकतं. आता कोठडीतल्या माणसाची खुशी केवढी असते, हे ज्याने त्याने ठरवावं. आणि त्याने नकार दिलाच, तर त्या नकाराचा अर्थ कोर्ट काढत नाही. तो आपण काढतो, टपरीवर, चहा गार व्हायच्या आत. 'काही केलंच नाही तर घाबरतो कशाला?' या निकालावर अपील नाही, आणि त्याला टोपीही लागत नाही.