माकड परतवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

शेंदूरजनाघाटात राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, पाचेक एकर संत्रा राखून असलेल्या आणि गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय बाजेवरून न उठणाऱ्या पुरुषांसाठी हे मार्गदर्शन आहे. ताई ची हा चिनी व्यायाम त्यांनी कसा करावा, हे इथे क्रमवार सांगितलं आहे. क्रम मध्येच सुटला तर वाचकाने तगादा लावू नये. या विद्येत घाईला बंदी आहे.

नियम पहिला: हे आपल्याला जन्मतःच येतं, हा समज सोडावा. पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर नगरपरिषदेचं राजकारण, संत्र्याचा भाव आणि शेजाऱ्याच्या पोराची सोयरीक मार्गी लावणाऱ्या माणसाला वाटतं, सावकाश हलण्यात शिकण्यासारखं काय आहे? पण पानठेल्यावर त्याचा सगळा भार खांबावर असतो. ताई चीत खांब मिळत नाही. गुडघे किंचित वाकवायचे, खांदे पाडायचे, टाळूला दोरी बांधून कोणी वरून हलकेच धरलंय असं ताठ राहायचं. मग सगळं वजन हळूहळू एका पायावर न्यायचं. दुसरा पाय पुरता रिकामा झाला की तो उचलायचा, टाच टेकवायची आणि जमीन पटली तरच त्यावर भार द्यायचा. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही, डोक्याची उंचीही बदलू द्यायची नाही. चिनी गुरू याला भरलेला पाय आणि रिकामा पाय म्हणतात. अर्ध्या मिनिटात मांड्या थरथरू लागतात आणि संथपणा व आळस ही सख्खी भावंडं नाहीत, हे ध्यानात येतं.

खरं तर हा माणूस एकेकाळी असाच चालत होता. श्रावणात काळ्या मातीच्या बांधावरून जाताना कोणीही आधी टाच टेकवतो, चिखल किती धरतो ते पाहतो आणि मगच वजन टाकतो. ही विद्या त्याला कोणी शिकवली नव्हती. निसरड्या जमिनीने शिकवली होती. पुढे बांधापर्यंत रस्ता झाला, रस्त्यावर फटफटी आली, दांडाने पाणी देण्याऐवजी ठिबक आलं आणि आता मोटरही मोबाइलवरून सुरू होते. पायाला जमीन चाचपायचं कामच उरलं नाही. म्हणून साठीच्या आसपास हाच माणूस न्हाणीघराच्या फरशीवर पडतो आणि खुब्याचं हाड मोडून घेतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला? राबतं कोण, हे एकदा नर्सरीत जाऊन बघावं. या गावाची संत्र्याची कलमं दूरदूर जातात, आणि ती तयार होतात उकिडवं बसलेल्या माणसांच्या हातून. जंबेरीच्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर वर, चाकूने चीर द्यायची, साल सैल करायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. जोर लावला तर डोळा चुरगळतो, रेंगाळलं तर सुकतो. ताई चीचं मर्म एवढंच आहे. पण ते कलम बांधणाऱ्याच्या मनगटात आहे. वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या मालकाच्या मनगटात फक्त घड्याळ असतं. मजुराचे कष्ट मालकाच्या गुडघ्यांच्या खात्यावर जमा होत नाहीत.

आता पुरावा. ताई चीने मधुमेहापासून म्हातारपणापर्यंत सगळं बरं होतं असं सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावं. भक्कम आधार आहे तो तोल आणि गुडघ्यांबाबत. 2012 मध्ये अमेरिकेत पार्किन्सनच्या 195 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा 24 आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला. गुडघेदुखीच्या 204 रुग्णांवरचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 12 आठवड्यांनंतर ताई ची आणि फिजिओथेरपी यांचा गुण सारखाच निघाला. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात ताई चीमुळे वृद्धांचं पडणं सुमारे एकपंचमांशाने कमी होऊ शकतं, असा अंदाज आहे. त्याच आढाव्यात तोलाच्या इतर व्यायामांचा पुरावा याहून पक्का ठरला आहे, हेही सांगून टाकलेलं बरं. म्हणजे ही काही संजीवनी नव्हे. पण खुबा शाबूत राहत असेल तर संजीवनीचा आग्रह कशाला?

दुसरा आक्षेप: आपला योग असताना चिनी कशाला? योग करणाऱ्याने जरूर करावा. मात्र बरीचशी आसनं जमिनीवर बसून होतात, आणि आपल्या गृहस्थाची अडचण नेमकी जमिनीवरून उठण्याची आहे. ताई चीत सुरुवात उभ्याने आणि शेवटही उभ्यानेच. परकेपणाचं म्हणाल, तर आपल्याच अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. त्याच्या चमूने 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. आपण जर्मनांना दाखवायचं आणि चिन्यांकडून काही घ्यायचं नाही, हा व्यवहार एकतर्फी होतो. परंपरेची झूलही फार पांघरू नये. बगळा आणि सापाची झुंज बघून झांग सानफेंगला ही विद्या सुचली, ही दंतकथा. इतिहासाचा माग लागतो तो हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावापर्यंत, सतराव्या शतकात. तिथे ही चक्क मारामारीची विद्या होती. आज सर्वत्र शिकवला जाणारा 24 हालचालींचा सोपा संच तर 1956 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने बसवला. पाच-सहा मिनिटांत तो पुरा होतो. सरकारी समितीच्या हातून निघालेली इतकी आटोपशीर गोष्ट आपल्याकडे चटकन आठवत नाही.

नियम पुढचा: श्वास मोजू नये. तो आपला आपण चालतो.

सगळ्यात बळकट आक्षेप मात्र वैद्यकीय नाही. लोक काय म्हणतील? अंगणात हवा कुरवाळणारा माणूस पाहून कुंपणापलीकडून आवाज येणारच, "काय माकडचाळे लावले बे भाऊ?" त्याला शास्त्रशुद्ध उत्तर उपलब्ध आहे. त्या 24 हालचालींच्या संचातल्या एकीचं नावच 'माकड परतवणे' असं आहे. एक तळहात पुढे लोटायचा, दुसरा मागे घ्यायचा आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. उलटं चालताना डोळ्यांचा आधार सुटतो आणि तोल सांभाळायचं काम पायाच्या तळव्यांवर येतं, म्हणून ही हालचाल म्हाताऱ्या पायांच्या फार कामाची. सातपुड्यातून बागेत उतरणारी माकडं याने परततील, असा दावा चिनी लोकही करत नाहीत. त्यांच्यासाठी गोफण आणि फटाके चालूच ठेवावेत.

शेवटचा नियम मुहूर्ताचा. ताई चीने मनावरचा ताण जातो म्हणतात. संत्र्याला मात्र फुलण्यासाठी ताण द्यावाच लागतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडलेलं असतं. ओलीत बंद, म्हणजे मालकाला वीज कधी येणार हेही बघायचं नसतं, आणि सकाळी पानठेल्याशिवाय दुसरं काम नसतं. तेव्हा सुरुवात करावी. शक्यतो जाणत्या शिक्षकाकडून शिकावं, पहिले काही दिवस भिंत हाताशी ठेवावी, गुडघा दुखला तर कमी वाकावं. आणि रबरी स्लिपर घालून करू नये, घसरते.