कालप्रवाशांची नगर जिल्ह्यातली गैरसोय

कालप्रवाशांची पहिली पसंती पाँपेईला असते: इ.स. ७९, वर धुमसता व्हेसुव्हियस, खाली बेसावध शहर आणि 'पळा, पळा' ओरडायला मधला मोकळा चौक. अहिल्यानगर जिल्ह्यात ही सोय नाही. लाव्हा आहे, ओस पडलेले नगरही आहे. दोघांच्या वेळा तेवढ्या जुळत नाहीत. लाव्हा आला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. अकोले तालुक्यातले १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई त्याच्याच थरांचे. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो, म्हणजे त्याने अधूनमधून भरपूर उसंत घेतली. पण सावध करायला माणूसच नव्हता.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या दायमाबादेत माणसे होती, आणि हौशीही. १९७४ मध्ये तिथे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी धातूची शिल्पे सापडली, वजन ६० किलोंच्या वर. रथात हाती काठी घेतलेला माणूस उभा, पुढे दांडीवर कुत्रा. ही वसाहत इ.स.पू. १०००च्या सुमारास ओस पडली. अभ्यासकांपैकी अनेकांचा संशय कमी होत गेलेल्या पावसावर आहे. तिथे उतरलेल्या कालप्रवाशाला भविष्यवाणी करायची ती एवढीच, की यंदाही पाऊस कमी. ओट्यावरचा म्हातारा आभाळाकडे बघून मान डोलावेल आणि पाहुण्याने सोबत पाणी आणले आहे का, ते विचारेल.