वानखेडेवरची हुर्यो

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने ये-जा करायची तर वरसावे नाका चुकत नाही आणि तिथली कोंडी मराठी-गुजराती भेद करत नाही. हार्दिक पंड्या मात्र नोव्हेंबर 2023मध्ये आयपीएलच्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, रोहित शर्माचं कर्णधारपद घेऊन बसला, आणि खरी कोंडी वानखेडेवर झाली. 24 मार्च 2024ला अहमदाबादकरांनी ‘गेला कशाला’ म्हणून हुर्यो उडवली, 1 एप्रिलला मुंबईकरांनी ‘आला कशाला’ म्हणून. समालोचक संजय मांजरेकरांना नाणेफेकीलाच प्रेक्षकांना तंबी द्यावी लागली. द्वैभाषिक राज्य मोडल्यापासून या दोन शहरांचं इतकं एकमत बहुधा झालं नसावं.

अमेरिकन बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स 2010मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला, तेव्हा क्लीव्हलँडच्या चाहत्यांनी त्याच्या जर्सी जाळल्या. आपल्याकडे जर्सी महाग, घसा फुकट.

पुढे 29 जूनला टी-20 विश्वचषक फायनलचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, भारत जिंकला, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत निष्ठेचा प्रश्न मिटला म्हणायचा!

जून 2022मध्ये याच मुंबई-अहमदाबाद महामार्गाने शिवसेनेच्या बंडखोर आमदारांच्या गाड्या रात्रीतून सुरतेला निघाल्या. तोही संघबदलच, शिवाय चिन्हासकट. वरसाव्याला थांबून कुणी हुर्यो उडवल्याचं ऐकिवात नाही. 2024च्या विधानसभेत त्यांच्यातले बहुतेक जण पुन्हा निवडून आले.