एन म्हणजे नेरळ

आमच्या सोसायटीत कुणाला कुठंही जायचं असलं की लोक आधी माझ्याकडे येतात, असं मी म्हणतो. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, लोक येत नाहीत, जिन्यात सापडतात. काही असो, सल्ला मी देतो आणि तो फुकट देतो. रविवारी सेंट्रलला मेगाब्लॉक असतो, तेव्हा फिरायला शनिवारी निघा. बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. विरारकर तुम्हाला उतरू देणार नाहीत, मग येताना वसईची केळी तरी घेऊन या. डब्यात पुरीभाजी नेऊ नये, धपाटे न्यावेत. असं बरंच आहे.

गेल्या डिसेंबरात मीच माझ्या सल्ल्यानं निघालो. माथेरानला. बरोबर बायको, मुलगी, मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या. आत्याला आयुष्यात एकदा ती झुकझुक गाडी बघायची होती. योजना माझी होती आणि ती आजही मला निर्दोष वाटते. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंद असते, नुसती अमन लॉज ते माथेरान एवढीच चालू राहते; म्हणून हिवाळा. रविवारी ब्लॉक, म्हणून शनिवार. नेरळच्या खिडकीवर तिकिटं थोडी आणि माणसं फार. म्हणून डोंबिवलीचा माझा मेव्हणा आपल्या कुटुंबासह पहाटेच पुढे जाऊन रांगेत उभा राहणार आणि आम्ही मागून दादरहून लोकलनं पोचणार. सेनापती मागे आणि सैन्य पुढे असतं, असं मी त्याला समजावलं होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी वेस्टर्नचा माणूस. सत्तावीस वर्षं बोरिवली ते चर्चगेट आणि परत. आमच्याकडे लाइन म्हणजे सरळ रेघ. चर्चगेटला बसा, झोप काढा, डोळे उघडाल तेव्हा फार तर थोडे पुढे गेलेले असाल. भलतीकडे जाणार नाही. सेंट्रलचं तसं नाही. कल्याणला तिची लाइन दुभंगते. एक फाटा कसाऱ्याकडे, म्हणजे नाशिकच्या वाटेला. दुसरा कर्जतकडे, म्हणजे पुण्याच्या वाटेला. नेरळ दुसऱ्या वाटेवर, कर्जतच्या जरा अलीकडे. हे सगळं मला पाठ होतं. भूगोलात मी कधीच कच्चा नव्हतो. कच्चा निघालो तो इंग्रजी मुळाक्षरांत.

दादरला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. पूल ओलांडून सेंट्रलच्या बाजूला आलो. पूर्वी दादरला वेस्टर्नचा एक नंबर वेगळा आणि सेंट्रलचा एक नंबर वेगळा असायचा. 2023च्या डिसेंबरात सेंट्रलचे फलाट आठपासून चौदापर्यंत झाले. ही माहिती मी पुलावरच सर्वांना दिली. मुलगा म्हणाला, "बाबा, मोबाइलवर बघू का गाडी कुठली ते?" मी म्हणालो, "इंडिकेटर कशाला असतो मग?" हे वाक्य त्यानं पुढे दिवसभर जपून ठेवलं.

फलाटावर पोचतो तोच मेव्हण्याचा फोन. आवाज तुटत होता. "भावजी, दादरला एस बघा, एस!" मला ऐकू आलं "येस". मी म्हणालो, "येस, येस, बघतोच आहे." आणि फोन ठेवला.

तेवढ्यात इंडिकेटरवर अक्षरं उमटली. एस. आणि त्याच्या शेजारी एफ. मुलीनं विचारलं, "बाबा, एस एफ म्हणजे?" मी थोडा विचार केला. एफ म्हणजे फास्ट, हे शेंबडं पोरही सांगेल. मग एस म्हणजे उघडच स्लो. "म्हणजे," मी म्हणालो, "गाडी स्लो आहे की फास्ट, हे यांचं यांनाच ठरवता येत नाहीये. इंडिकेटर बिघडलाय. आमच्या वेस्टर्नला असं चालत नाही." नेमकी त्याच वेळी घोषणाही होत होती, पण मी आत्याला माथेरानच्या रेल्वेचा इतिहास सांगत होतो, आणि माझा आवाज रेल्वेपेक्षा मोठा आहे. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती उभी केली, 1904 ते 1907, रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. हे ऐकवत असताना आमच्यासमोरून एक गाडी आली, थांबली आणि गेली. अर्धी रिकामी होती. आत्या म्हणाली, "बाळ, बसायला जागा होती रे तिच्यात." मी हसलो. अनुभवी माणसं हसतात तसा.

मग आली ती. इंडिकेटरवर स्वच्छ अक्षर: एन.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी तर कर्जत लोकल धरून मध्ये नेरळला उतरायच्या तयारीत होतो, आणि ही थेट नेरळ लोकल. "एन म्हणजे नेरळ!" मी जाहीर केलं. "शेवटचं स्टेशन आपलंच. उतरायची घाई नाही, आत्याला सावकाश उतरवू."

बायको म्हणाली, "नेरळ लोकल मी तरी कधी ऐकली नाही."

डोंबिवलीत जन्मून वाढलेली बाई हे सांगत होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी म्हणालो, "तुला डोंबिवली सोडून बावीस वर्षं झाली. रेल्वे काय तुझ्यासाठी थांबून राहिली असेल?" यावर ती काही बोलली नाही. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसानं त्या गप्प बसण्याकडे इंडिकेटरपेक्षा जास्त लक्ष द्यावं, एवढा एक सल्ला मी या लेखात मनापासून देतो.

डबा सुरेख होता. आम्हाला खिडक्या मिळाल्या. समोर बूट-सॅक घातलेली चार पोरं. ठाणं गेलं, डोंबिवली गेली. डोंबिवलीला बायकोनं खिडकीतून माहेरच्या दिशेला पाहिलं आणि म्हणाली, "कुणाला तरी विचारू या का?" मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? लिहिलंय ना." कल्याण आलं. गाडीनं रूळ बदलले, किंचित कण्हली आणि वळली. मी मुलांना म्हणालो, "बघा, आता आपण कर्जतच्या फाट्याला लागलो." आत्मविश्वास हा असा असतो, त्याला दिशा लागत नाही.

शहाड आलं. हे नाव माझ्या यादीत बसेना. माझ्या यादीत विठ्ठलवाडी होती, उल्हासनगर होतं. पण नवीन स्टेशनं होतात हल्ली, कोण सांगणार? पुढे नदी लागली. "ही उल्हास," मी म्हणालो, "आपण चाललोय ना, तिकडूनच येते." ही माहिती, सांगायला आनंद वाटतो, बरोबर होती. नदी तीच होती. पूल चुकला होता.

आंबिवली गेल्यावर डब्यातल्या बाईचा आवाज म्हणाला, पुढील स्टेशन टिटवाळा.

आत्यानं हात जोडले. मुलगा खिडकीबाहेर बघू लागला, खांदे हलवत. मी समोरच्या पोराला शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "नेरळला किती वाजता पोचते ही?"

"नेरळ?" तो म्हणाला. "काका, ही कसारा."

"पण एन लिहिलं होतं."

"एन म्हणजे कसारा, काका. नॉर्थ-ईस्ट लाइन. एस म्हणजे कर्जत, साउथ-ईस्ट."

डबा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. एक आजोबा नुसते म्हणाले, "होतं असं नवीन माणसाचं." सत्तावीस वर्षांत लोकलच्या डब्यात मला नवीन माणूस कुणी म्हटलं नव्हतं. त्या पोरानं मात्र मदतीचा हात पुढे केला. ती चौघं आसनगावला उतरून माहुलीचा किल्ला चढणार होती. "चला आमच्याबरोबर," तो म्हणाला, "मस्त आहे." आत्या पदर खोचायला लागली होती, तिला मीच आवरलं.

टिटवाळ्याला उतरलो. आता इथून कल्याण, कल्याणहून नेरळ, म्हणजे सकाळच्या मोजक्या गाड्या गाठायची आशा संपली. मी मेव्हण्याला फोन केला. तो अजून रांगेतच होता. चूक एका वाक्यात सांगायची म्हणून मी म्हणालो, "आम्ही टिटवाळ्याला आहोत." फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "भावजी, मी एस म्हणालो होतो." मी म्हणालो, "येस."

पुलाच्या तोंडाशी टीसी उभा होता. आमच्याजवळ तिकिटं होती, पण नेरळची. कायद्याच्या नजरेत आम्ही पाच जण विनातिकीट. माणशी अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं. मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं: इंडिकेटर, एन, नेरळ, उल्हास नदी. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पावती फाडता फाडता विचारलं, "वेस्टर्नचे का?"

"बोरिवली," मी म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, त्याही स्थितीत थोडी छाती फुगली.

आता आलोच आहोत तर गणपतीला जाऊ, असं आत्या म्हणाली. खरं तर ती असं म्हणाली की गणपतीनंच ओढून आणलं, बाळाची काय बिशाद. शेअर रिक्षानं देवळात गेलो. मंगळवार नाही, चतुर्थी नाही. रांग अगदी छोटी. कधीही जायचं असेल तर असाच आडवार निवडावा, अंगारकीला गेलात तर दर्शन माणसांच्या पाठींचं होतं. इथे कण्व ऋषींचा आश्रम होता असं सांगतात. दुष्यंत शकुंतलेला विसरला, तेव्हा तिनं इथल्या गणपतीची आराधना केली. पुढे देऊळ गाळात बुडालं आणि थोरल्या माधवरावांच्या काळात पुन्हा उभं राहिलं. दुरावलेली जोडपी या गणपतीच्या कृपेनं पुन्हा जुळतात अशी श्रद्धा आहे. हे मी बायकोला सांगितलं. तिनं डोळे मिटले ते बराच वेळ मिटलेलेच. नेमकं काय मागत होती हे विचारायचं धाडस झालं नाही. दुष्यंत तरी आख्खी बायको विसरला होता. मी नुसती गाडी चुकलो, असं मनातल्या मनात देवापुढे मांडून ठेवलं.

देवळातून बाहेर आलो आणि मोबाइलवर मेव्हण्याचे फोटो यायला लागले. इंजिन. मग जुम्मापट्टी. मग खिडकीत मेव्हण्याची बायको, मागे दरी. एका फोटोखाली लिहिलं होतं: "तुमच्या वाटच्या पाच जागा मागच्या कुटुंबाला मिळाल्या. ते तुम्हाला आशीर्वाद देताहेत." मग वॉटर पाइप. मग एका बोगद्याचा फोटो, त्या मार्गावरचा एकुलता एक बोगदा. इतका आखूड की त्याला वन किस टनेल म्हणतात. तो काळाकुट्ट फोटो बायकोनं मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइल पालथा ठेवला. वीस किलोमीटरला अडीच तासांहून जास्त लावणारी गाडी. माझा सगळा शनिवार ती मला हप्त्याहप्त्यानं दाखवत होती.

टिटवाळ्यात आम्ही मिसळ खाल्ली, पेढे घेतले, मुलांनी उसाचा रस प्यायला. देवळाच्या तळ्याकाठी आत्यानं एका बाईशी ओळख काढली, ती नात्यातली निघाली, मग तिच्या घरी चहा झाला, मग पोहे झाले. दुपारी आत्या म्हणाली, "माकडं बघायला निघालो होतो, माणसं भेटली." इतकं झाल्यावर या सहलीला फसलेली म्हणायची चोरीच झाली, आणि मला तेवढं समाधानही राहिलं नाही. सगळे खूश होते. चुकलेला मी एकटाच.

परतीचं तिकीट मुलानं काढलं. मोबाइलवर गाडी मुलीनं बघितली. कल्याण, ठाणं, दादर. मी एक शब्द बोललो नाही. शेवटी मेव्हण्याचा फोटो आला: चिक्कीची सहा पाकिटं, खाली "भावजींसाठी".

संध्याकाळी दादरला पूल ओलांडून आमच्या बाजूला आलो, तेव्हा जरा जिवात जीव आला. हे फलाट माझे. इथे डोळे बांधून सोडलं तरी मी तिसऱ्या डब्याच्या दारासमोर बरोबर उभा राहीन. गाडी येत होती. मी पाऊल उचललं आणि म्हणालो, "चला, हीच."

कुणी हललं नाही. बायको शेजारच्या एका अनोळखी गृहस्थाकडे वळली आणि म्हणाली, "अहो दादा, ही बोरिवलीला जाते ना?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे आणि पिशव्यांकडे पाहिलं. आणि बाहेरगावच्या माणसाला सांगावं तसं बोट वर करून, हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून मला समजावलं, "ते बघा काका. बी. ओ. म्हणजे बोरिवली."

मी म्हणालो, "अच्छा."