हिरव्या शाईचा शेरा

धानोऱ्याला बदली झाल्याचं कळताच पुण्याच्या नातेवाइकांनी मला अशा नजरेनं निरोप दिला, की मी आपसूक सगळ्यांच्या पाया पडलो. "तिकडे हत्ती आहेत म्हणे!" आहेत ना. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून एक कळप, बदलीचा आदेश नसताना, या तालुक्यात हजर झाला. पण मला आडवं करायला निघालेली वस्तू वीतभर उंचीची होती.

पहिल्याच पावसाळ्यात बाजारात पळसाच्या पानांवर सात्यांचे वाटे मांडलेले दिसले. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानअळंबी. हंगामात तिचा भाव मटणाला मागे टाकतो. भाव ऐकून मी पिशवीची घडी घातली आणि शेजारच्या आजीला विचारलं, "सात्या कुठं सापडतात?"

"रानात," आजी म्हणाली.

एवढा पत्ता पुष्कळ झाला, असा तिचा चेहरा होता. सात्या त्याच त्या वारुळांवर पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे चांगलं वारूळ माहीत असणं म्हणजे बँकेत ठेव असण्यासारखं. ते सुनेलाही लवकर दाखवत नाहीत, मी तर भाडेकरू. तरी चार दिवस चहा पाजल्यावर तिनं मला एक वारूळ दाखवलं. बहुधा तिच्याकडचं सर्वांत भिकार.

तिथं कळलं, की शेतकरी मुळात वाळवी आहे. जमिनीखाली पालापाचोळा चावून ती मळे बांधते आणि त्यावर बुरशी पिकवते. पाऊस मुरला की ती बुरशी डोकं वर काढते, त्याच या सात्या. म्हणून दांडा मुळीसारखा खोल जातो, थेट वाळवीच्या मळ्यापर्यंत. आजीनं काडीनं माती उकरून तो अलगद सोडवला. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ साली या प्रजातीला 'टर्मिटोमायसिस' नाव दिलं, पण सात्यांची लागवड माणसाला अजून साधलेली नाही. वाळवी मात्र अनुदानाशिवाय करते आहे.

एक वारूळ पाहिल्यावर माझा आत्मविश्वास जिल्ह्याच्या हद्दीबाहेर गेला. दुसऱ्याच आठवड्यात खोलीमागच्या गवतात ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या. वारूळ नव्हतं, पण फुकटच्या भाजीला कोण वंशावळ विचारतो? फक्त शास्त्रोक्त परीक्षा घ्यायची ठरवली. भाजीत चांदीची अंगठी टाकली, काळी पडली नाही. लसूण टाकला, पांढराच राहिला. किड्यांचा कौल तर आधीच मिळाला होता, एका गोगलगायीनं अर्धी टोपी फस्त केली होती.

या तिन्ही परीक्षा फुसक्या आहेत, हे मला नंतर कळलं. गोगलगायीचं यकृत वेगळं, आपलं वेगळं. अमानिटा नावाच्या अळंब्यांतल्या सर्वांत घातक जातींचं विष शिजवूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर सहा-बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. पुढे उलट्या-जुलाब होतात, मग जरा बरं वाटतं, आणि त्याच सुमारास यकृत हात टेकतं. लसूण आपला पांढराच.

नशिबानं माझ्याजवळच्या पुस्तकात चौथी परीक्षा होती: टोपी कापून कागदावर पालथी घालायची, वर वाडगं झाकायचं आणि रात्रभर ठेवायचं. बीजाणू झडून ठसा उमटतो. सात्यांचा फिकट गुलाबी. घरात पाठकोरा कागद एकच होता, माझ्या बदलीच्या अर्जाचा. त्यावर टोपी ठेवली, पातेलं झाकलं आणि उपाशी झोपलो.

सकाळी आजी दारातूनच ओरडली, "काय आनलं जी हे?"

"सात्या."

"वारूळ कुठी होतं?"

"वारूळ नव्हतं. गवतात होत्या."

"मुळी कुठी हाय?"

मुळीही नव्हती. आजीनं चष्मा न लावता निकाल दिला, "फेका. आपन याले वळखत नाही."

याला विषारी म्हणायचीही तिनं तसदी घेतली नाही. ओळख नाही, एवढं कारण तिला पुरलं. इथून जवळच मेंढा (लेखा) आहे, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव. तिथं ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीनं होतात, हे अवघ्या देशाला माहीत आहे. आजी आणि तिच्या मैत्रिणींच्या टोपलीचा कारभारही मला तसाच दिसला. चौघींपैकी एकीनं नाक मुरडलं की ती छत्री बाहेर. मग बाकीच्या तिघी वाद घालत नाहीत, कारण जेवायचं चौघींना असतं. माझ्या टोपलीत मात्र मतदार मी एकटाच, शिवाय भुकेला.

टोपी उचलली. कागदावर सुरेख गोल ठसा होता, आणि तो हिरवा होता. पुस्तक उघडलं: क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. हिरवा ठसा ही त्याची खूण. खाल्लं तर तीन तासांच्या आत ओकाऱ्या आणि जुलाब. खोलीवर संडास सामाईक होता, एवढंच सांगतो.

आजी कागद न्याहाळत होती. तिनं तो उलटून पाहिला. पुढच्या बाजूला मी लिहिलं होतं, 'तरी माझी पुण्याला बदली व्हावी, ही नम्र विनंती.' नातवाकडून तिनं ते वाचून घेतलं आणि पुन्हा मागचा हिरवा शिक्का पाहिला.

"सायबानं नामंजूर केला का जी?"