ज्युरीमामा

दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार वाटून होतात, आणि मग सिद्धेश्वर धरणाच्या खाली, हॉटेलच्या बाकड्यावर त्यांचा खरा निकाल लागतो. तो लावणाऱ्या गृहस्थांना गाव ज्युरीमामा म्हणतं.

मामा पाटकरी म्हणून रिटायर झाले. उभी नोकरी पूर्णेच्या कालव्यावर पाणीपाळीच्या भांडणात गेली. हेडवाल्यानं किती ओढलं, टेलवाल्यापर्यंत काय पोचलं, कोणी रात्री गुपचूप दार उचललं. त्यामुळे सिनेमा चांगला की वाईट हा त्यांचा विषयच नाही. त्यांचा विषय वाटप. एका पुरस्कारावर दोन नावं दिसली की मामांचा चहा गार होतो.

‘देऊळ’ला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा गाव खूश. मामांनी विचारलं, “संगं कोण हाय?” संगं ‘ब्यारी’ होता. “म्हंजे अर्धंच!” गिरीश कुलकर्णीला अभिनयाचं अख्खं मिळालं म्हणून जरा शांत झाले, तर पुढच्याच वर्षी ‘अनुमती’च्या विक्रम गोखल्यांशेजारी ‘पानसिंग तोमर’चा इरफान खान. त्याआधी ‘बाबू बँड बाजा’च्या मिताली जगतापशेजारी तमिळची सरण्या होतीच. “मराठी मान्साच्या वाफ्यात दरवेळी दुसऱ्याचं पानी काहून घुसतं?” ‘श्वास’, ‘कोर्ट’, ‘कासव’ यांनी मात्र एकेकट्यानं सुवर्णकमळ आणलं, ती मामांची खास बागायती.

यातला एकही सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही. दोष त्यांचा नाही. असे सिनेमे पुण्यात लागतात आणि बातमी औंढ्याला पोचेपर्यंत उतरतात. कॉलेजातल्या एका पोरानं छेडलं, “न बघताच निकाल देता व्हय मामा?”

“जल्मभर लोकाच्या उसाला पानी सोडलं. एक कांडं तरी माझं होतं का?”

2018 साली राष्ट्रपतींनी अकराच पुरस्कार हातानं दिले, बाकीचे मंत्र्यांकडे सोपवले, आणि पन्नासहून जास्त विजेते रुसून कार्यक्रमाला गेलेच नाहीत. मामांना रुसणं कळलं, क्रम कळला नाही. “मंत्री टेलला? आमच्या कालव्यावर तर कधी पाह्यलं नाई.”

‘गोदावरी’साठी निखिल महाजनला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी पूर्णेचा वाटा मागितला. मास्तरांनी समजावलं, सिनेमा नाशिकचा. पूर्णा गोदावरीला मिळते ती पार खाली, परभणी जिल्ह्यात. “तेच म्हंतो मी,” मामा म्हणाले, “टेलवाल्याला कोनी धरत नाई.”

23 सप्टेंबर 2025 च्या सोहळ्याला पुन्हा बाकडं भरलं. शाहरुख खानला आयुष्यातला पहिला राष्ट्रीय पुरस्कार, तोही ‘ट्वेल्थ फेल’च्या विक्रांत मॅसीबरोबर. मामांचा चेहरा खुलला. “खानालाबी कळू द्या, अर्ध्या पाळीत रान कसं भिजवतेत ते.” मग सुजय डहाकेंचा ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरल्याचं कळलं. कमळ कुठलं? रजत. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला 1954 साली, पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं, हे मामांना पाठ. “बरोबरच हाय,” ते म्हणाले, “माय म्हातारी झाली की घरातबी असंच व्हतं.”

खरा पेच बालकलाकारांनी केला. एका पुरस्काराला पाच नावं! ‘नाळ 2’ची त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप, ‘जिप्सी’चा कबीर खंदारे. मामांनी बोटं मोजली. चार आपले.

“पाचवं लेकरू कोन्या गावचं?”

“तेलुगू हाय मामा, पोरगी.”

“आपली गोदावरी तिकडंच जाते ना?”

“जाते की.”

“मंग ऱ्हाऊ द्या. पूर्णेचंच पानी पेलेली निघाली.”